वेगाचं चलन आलंय: भरून टाकायचं की कोर्टात उभं राहायचं?

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून ये-जा असणाऱ्या कोल्हापूरकराला तो मेसेज कधी ना कधी येतोच. वेगमर्यादा ओलांडली, अमुक ठिकाण, अमुक वेळ, रक्कम 2000. मग एक गडी कटकट नको म्हणून चहा संपायच्या आत पैसे भरून मोकळा होतो. दुसरा ‘कोर्टात बघून घेतो’ म्हणतो आणि पुढं वर्षभर काहीच करत नाही. चलन नीट वाचलेलं दोघांनीही नसतं.

ज्यांना पहिल्यांदाच चलन आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. चलनातली माहिती चुकीची असेल तर जरूर भांडा, पण आधी पोलिसांच्या तक्रार खिडकीत आणि मग कोर्टात. माहिती बरोबर असेल आणि नुसता राग आला असेल, तर भरा.

आधी चलन खरं आहे का ते बघा

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली असेल तर ती उघडू नका. ती फाईल फोनमध्ये शिरली की बँक खात्यापर्यंत पोचते. खरं चलन शासनाच्या संकेतस्थळावर दिसतं, आणि त्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलन संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिक ॲप स्वतः उघडा. गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की प्रलंबित चलनं समोर येतात. तिथं काहीच दिसत नसेल, तर कागलच्या पुढं कर्नाटकात गेला होतात का ते आठवा. कर्नाटकातलं चलन कर्नाटकच्या व्यवस्थेत असतं, ते परिवहन विभागाच्या देशपातळीवरच्या ई-चलन संकेतस्थळावरही शोधता येतं.

मग फोटो उघडा, आणि मोठा करून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवावा. चलनासोबत फोटो असतो. मोबाइलवर तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून शक्य असेल तर कॉम्प्युटरवर उघडा.

नंबरप्लेटचा एकेक आकडा वाचा. 3 आणि 8, बी आणि 8, डी आणि शून्य यांची गल्लत होते. आपल्याकडं नंबरप्लेटवर कलाकुसर करायची हौस दांडगी. 8055 चा ‘बॉस’ करणारे, 214 चा ‘राम’ करणारे, आकड्यांना शेपट्या काढणारे गल्लोगल्ली आहेत. अशा एखाद्या प्लेटचा एक आकडा चुकून वाचला गेला, की त्याचं चलन भलत्याच सरळमार्गी माणसाच्या नावावर पडतं. नंबर जुळला तर गाडी जुळते का बघा: मॉडेल, रंग, काचेवरचा स्टिकर, बंपरवरचा ओरखडा. नंबर तुमचा आणि गाडी दुसरीच असेल, तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग विषय दोन हजारांपुरता राहत नाही. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं, तर पोलीस तुमचंच दार वाजवतील.

इंटरसेप्टर म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या गाडीतल्या लेझर स्पीडगनच्या फोटोत बहुधा नेम धरल्याची खूण असते, फुलीसारखी किंवा चौकोनी. ती कुणाच्या गाडीवर आहे? शिरोली एमआयडीसीच्या गर्दीत एका फोटोत तीन-तीन गाड्या येतात. खूण शेजारच्या ट्रॅव्हल्सवर आणि चलन तुम्हाला, असं असेल तर तुमच्या हातात खरोखरच मुद्दा आहे.

त्यानंतर चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: मोजलेला वेग, त्या ठिकाणची मर्यादा, तारीख-वेळ, आणि चलन कुणी केलं. चौथी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. शहरातलं चलन वाहतूक शाखेचं असतं, महामार्गावरचं बऱ्याचदा महामार्ग पोलिसांचं. ही दोन वेगवेगळी कार्यालयं आहेत. एकाचं चलन दुसऱ्याच्या दारात नेलं तर हेलपाटाच पदरात पडतो.

मर्यादेचंही तसंच. ती रस्त्यागणिक आणि वाहनागणिक बदलते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट रस्त्याला कारला ताशी 100 किलोमीटर, तर बोरघाटात 60. घाटात 85 नं उतरलेला माणूस ‘मी शंभरच्या आत होतो’ म्हणून शपथेवर सांगत असतो. इकडं सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणरस्ते आणि तात्पुरते फलक इकडचे तिकडं होत राहिले. फलकाचा मुद्दा लढवायचा विचार असेल, तर चलन आल्या आल्या त्या जागेचे तारीख-वेळेसह फोटो काढा. दोन महिन्यांनी तिथं फलक असतो, नसतो, किंवा रस्ताच दुसरीकडून गेलेला असतो.

कायदा काय म्हणतो, कामापुरतं

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 183. सन 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटार वाहनाला वेगासाठी दंड किमान 1000 आणि कमाल 2000 रुपये. मध्यम आणि जड वाहनाला 2000 ते 4000. या कलमात तुरुंगवास नाही. चलनावरची रक्कम ही तडजोड शुल्क असते, म्हणजे कोर्टात न जाता मिटवायची किंमत. महाराष्ट्रात कारसाठी ती 2000 आहे, आणि कोर्टही या गुन्ह्याला 2000 च्या वर जाऊ शकत नाही. थोडक्यात, कारवाला हरला तरी दंड वाढत नाही. वाढतात ते हेलपाटे आणि वकिलाची फी.

चलनावर कलम 184, म्हणजे धोकादायक पद्धतीनं वाहन चालवणं, हेही लावलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट वकील गाठा. त्या कलमात कैदेची तरतूद आहे.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. ‘दोन हजार फेकले, विषय संपला’ हे अर्धंच खरं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 200 सांगतं, की तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून मोजला जातो. आणि वेगाचा दुसरा गुन्हा म्हटला की परवाना जप्तीची तरतूद लागू होते. रविवारी पन्हाळ्याला जाणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. पण ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, म्हणजे ट्रॅव्हल्सचा चालक, गूळ-साखरेच्या गाड्या नेणारा, विमानतळाची टॅक्सी चालवणारा, त्यानं चुकीचं चलन मुकाट्यानं भरू नये. त्याचा हिशोब वेगळा आहे.

पुराव्याबद्दल दोन तरतुदी लक्षात ठेवा. ‘मला वाटलं गाडी जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगासाठी दोषी धरता येत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला असावा लागतो. हे कलम 183 मध्येच लिहिलंय. दुसरी म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 167अ, 2021 मध्ये आलेला. कॅमेरा, स्पीडगन अशा उपकरणांना मान्यता प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याआधी तशी सूचना देणारा फलक हवा. गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत निघायला हवी. चलनासोबत स्पष्ट फोटो, उपकरणानं केलेली मोजणी आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली असायचं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली येतं.

यातलं एखादं नसलं की चलन आपोआप रद्द होत नाही. पण उलटतपासात विचारायला प्रश्न मिळतो.

तक्रार: अर्धी लढाई इथंच

कोर्टाच्या आधी महाट्रॅफिक ॲपमधली तक्रारीची सोय वापरा. चुकीचा नंबर, दुसरीच गाडी, एकाच घटनेची दोन चलनं अशा ढळढळीत चुका इथंच मिटायला हव्यात. पैसे भरायच्या आधी तक्रार करा, कारण भरल्यावर तुम्ही तडजोड मान्य केली असा अर्थ होतो.

तक्रार चार ओळींची असावी. ‘महोदय, सामान्य नागरिकाला नाहक त्रास’ वगैरे लिहीत बसू नका. चलन क्रमांक, चूक काय, पुरावा काय, मागणी काय. उदाहरणार्थ: ‘चलनातील वेळ दुपारी 4.10, ठिकाण लोणावळा. त्याच दिवशी 4.05 वाजता माझी गाडी किणी टोलनाक्यावर होती. फास्टॅगचा उतारा जोडला आहे. चलन रद्द करावे.’ फास्टॅगचा उतारा बँकेच्या ॲपमधून निघतो. गाडी त्या वेळी दुसरीकडं होती हे दाखवायला इतका सोपा कागद दुसरा नाही. गॅरेजचं बिल, सोसायटीचा सीसीटीव्ही हेही चालतं, पण फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, लगेच मागा.

स्पीडगनचं प्रमाणपत्र किंवा त्या पट्ट्यातल्या वेगमर्यादेची अधिसूचना हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज ज्यांनी चलन केलं त्यांच्याच जन माहिती अधिकाऱ्याला.

गाडी विकलेली आहे पण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, अजून तुमचंच नाव आहे, अशांचा घोळ वेगळा. चलन नोंदणीकृत मालकाच्या नावावर येतं, आणि विक्रीची सूचना आरटीओला देण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीही असते. विक्रीचा करारनामा आणि डिलिव्हरी नोट जोडून तक्रार करा, आणि आधी आरसी बदलून घ्या. गाडी भाच्यानं किंवा ड्रायव्हरनं नेली होती, तर पोलीस विचारतील तेव्हा चालकाचं नाव-पत्ता देणं मालकाला बंधनकारक आहे. ‘कोण चालवत होतं आठवत नाही’ हे उत्तर आपल्यालाच नडतं.

आता ठरवा

तक्रार फेटाळली, किंवा उत्तरच आलं नाही. आता कोर्टाचा विचार. गुन्हा जिथं घडला तिथल्या कोर्टात प्रकरण चालतं, तुमच्या घराजवळच्या नव्हे. उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव म्हणजे करवीर तालुका, म्हणून कोल्हापूर. कागलजवळचं कागलला. वाठार-किणीच्या बाजूचं पेठ वडगावला. कासेगावजवळ सापडलात तर सांगली जिल्हा लागतो. आणि एक्सप्रेसवेवरचं असेल तर दोन हजारांसाठी कोल्हापूरहून तिकडं चकरा माराव्या लागतील. डिझेल, टोल आणि बुडालेली रजा एवढ्यातच दंड दोनदा भरून होतो. तिथं फोटोत दुसऱ्याच कुणाची गाडी असेल तरच जा.

कोल्हापुरात मात्र फार अडचण नाही. जिल्हा न्यायालय कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं ते सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. नवखी माणसं रिक्षावाल्याला नुसतं ‘कोर्टात चला’ सांगतात आणि चलनाचा कागद हातात घेऊन उच्च न्यायालयाच्या दारात उतरतात. वेगाचं चलन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं चालतं, म्हणून बावडा रस्ता.

माझा हिशोब असा. गाडी तुमची नाही, तुम्ही तिथं नव्हता, नेम दुसऱ्या गाडीवर आहे: लढा. व्यावसायिक चालक आहात आणि वेगाचं हे दुसरं चलन आहे: निदान वकिलाला कागद दाखवल्याशिवाय भरू नका. फलक नव्हता आणि तुमच्याकडं त्याच दिवसाचे फोटो आहेत: प्रकरण कोल्हापूरचं असेल तर लढून बघायला हरकत नाही. सूचना उशिरा आली, एवढाच मुद्दा असेल तर एकट्या त्याच्या जिवावर जाऊ नका, दुसऱ्या मुद्द्याच्या जोडीला ठेवा.

न चालणाऱ्या सबबी: सगळेच तेवढ्या वेगात होते. पोलिसानं थांबवलंच नाही. माझ्या मीटरवर 90 च दिसत होते. या शेवटच्या सबबीची तर गंमतच आहे, कारण गाडीचं स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतं. दवाखान्यात न्यायची घाई होती, हे कारण कागदपत्रांसह मांडलंत तर दंड कमी व्हायला मदत होऊ शकते, पण गुन्हा घडला नाही असं त्यानं ठरत नाही.

लोकअदालतीबद्दल एक गैरसमज. तिथं खटला लढवता येत नाही. ती तडजोडीची जागा आहे, साक्षी-पुरावे होत नाहीत आणि तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. ‘अर्धा दंड माफ’ असे मेसेज दर लोकअदालतीआधी फिरतात. त्यांच्या भरवशावर वर्ष काढू नका. ज्याला लढायचंच नाही आणि जुनी चलनं साचली आहेत, त्याला लोकअदालत सोयीची.

आणि तो ‘सहा महिन्यांत चलन बाद होतं’ वाला सल्ला. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोर्टानं दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत आहे, हे खरं; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514. पण पोलिसांच्या संकेतस्थळावरचं चलन त्यानं मिटत नाही. ते तिथंच राहतं, आणि गाडी विकताना किंवा फिटनेस प्रमाणपत्र घेताना आडवं येतं. समन्स उशिरा आलं असेल तर हा मुद्दा पहिल्याच तारखेला वकिलामार्फत मांडा. पारावर मांडून उपयोग नाही.

कोर्टात गेल्यावर

प्रकरण व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन, कोर्टात गेलं असेल तर तिथं दोन पर्याय दिसतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडं जातं. तसं नसेल तर समन्स येतं. समन्सवर लिहिलेली तारीख आणि मुदत हीच खरी, मित्रानं सांगितलेली नव्हे. समन्स घेऊन गप्प बसलात तर वॉरंट निघू शकतं, आणि दोन हजारांच्या चलनासाठी पोलीस घरी आले की गल्लीत चर्चा फुकटची.

सकाळी अकराच्या आधी पोचा. सोबत आरसी, परवाना, चलनाची छापील प्रत, फोटो, फास्टॅगचा उतारा, माहिती अधिकाराचं उत्तर, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. दाराजवळच्या बोर्डावर आपला नंबर बघा. कितवा आहे त्यावरून चहाला जायचं की नाही ते ठरवा, पण पुकारा चुकवू नका. मोबाइल बंद.

पुकारा झाला की न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात: गुन्हा कबूल आहे का? सगळं इथं ठरतं. लढायचं असेल तर एवढंच म्हणा: ‘कबूल नाही.’ हकीकत सांगायची वेळ नंतर येते. आणि फोटो बघून आता तुमचंच मन बदललं असेल, तर कबूल करा आणि किमान दंडाची विनंती करा, कारवाल्याला तो 1000 पर्यंत येऊ शकतो. मात्र कबुलीनंतर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील राहत नाही, फक्त शिक्षा किती यावर बोलता येतं.

‘कबूल नाही’ म्हटलं की साक्षीची तारीख पडते. चलन करणारा अंमलदार साक्षीला यावा लागतो. तो जोतिबाच्या यात्रेच्या किंवा गणपतीच्या बंदोबस्तावर असला की पुढची तारीख. हे गृहीत धरूनच या वाटेला जा. साक्ष झाली की उलटतपास. प्रश्न थोडे आणि कागदाला धरून: उपकरणाचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत होतं? फलक कुठं होता? फोटोत नेम कुठल्या वाहनावर आहे? अंमलदाराशी वाद घालू नका. तो त्याचं काम करत होता, आणि न्यायाधीशांना चढा आवाज आवडत नाही.

वकील लावायलाच हवा असं नाही. पण उलटतपास हे नवख्याचं काम नाही, हेही खरं. फी आधी ठरवा, एकूण किती की तारखेला किती, हे स्पष्ट विचारा. तुम्हाला जायला जमणार नसेल तर वकील हजेरी माफीचा अर्ज देऊ शकतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. हे कार्यालय न्यायसंकुलातच आहे.

निकाल लागल्यावर

विरोधात गेला तर दंड भरून पावती घ्या. अपील सत्र न्यायालयात, 30 दिवसांत. पण वेगाच्या एका चलनासाठी अपिलात जाणारा माणूस एकतर फार तत्त्वाचा असतो किंवा त्याचा परवाना पणाला लागलेला असतो.

बाजूनं लागला तर नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. मग संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. चलन अजून प्रलंबित दिसत असेल तर ती नक्कल जोडून ज्या शाखेनं चलन केलं तिथं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नोंद निघेपर्यंत मूळ नक्कल कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.